मला पुसू नका, मला वळवा

मी एक जुनी अँटेना आहे, मित्रांनो, आणि मी मेलेली नाही. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण मधली काही वर्षं लोक माझ्या गच्चीवर, माझ्याच समोर उभे राहून मला मेलेली म्हणत होते. माझा स्वभाव शांत आहे. वारा सुटला तरी मी फार आवाज करत नाही. पण खोट्याला खोटं म्हणू नये, इतकी शांत मी नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्र्याचं छप्पर, एक लांब टेबल, आणि टेबलावर ॲल्युमिनियमच्या नळ्या. एक माणूस त्या नळ्या कापत असे, काही लांब, काही आखूड. दुसरा त्या आडव्या दांड्यावर बसवत असे. शेवटी एक बाई प्रत्येक काडीच्या टोकाला काळं बूच लावी. उघड्या नळीत वारा शिरला की ती रडल्यासारखी शिट्टी वाजवते, म्हणून ते बूच. माझी बुचं लावताना ती बाई शेजारणीला म्हणाली होती, "हिचं तोंड बंद केलं, आता ही फक्त ऐकेल." माझ्या जन्माचं काम तिनं एका वाक्यात सांगितलं. हवेतून जे येतं ते ऐकायचं आणि वायरीतून खाली पोचवायचं. त्यात माझी निवड नाही, माझा हिस्सा नाही. ज्याच्या गच्चीवर मी, त्याला ते फुकट. प्रसारण केंद्र सगळ्यांसाठी पाठवतं, मी एका घरासाठी झेलते, एवढाच व्यवहार.

मला विकत घेतलं आबांनी. आबा काचसामानाच्या गोदामात माल बांधायचे. पेले, बरण्या, दिव्यांच्या काचा असं सगळं ते पेंढ्यात गुंडाळून खोक्यात भरत आणि वरून अशी गाठ मारत की खोकं रस्त्याभर आदळलं तरी आतली काच हलायची नाही. त्याच हातांनी त्यांनी मला गच्चीच्या कोपऱ्यात लोखंडी पाईपावर चढवलं आणि तारेनं बांधलं. वायर भिंतीवरून खाली सोडली, खिडकीतून आत घेतली आणि टीव्हीला जोडली. त्या वायरीतून मला घरातलं सगळं ऐकू येतं. तेव्हापासून येतं, म्हणून तर हे सांगू शकते.

मग आमचा रोजचा कार्यक्रम सुरू झाला. आबा गच्चीवर माझा पाईप धरून, त्यांचा लहान मुलगा जिन्याच्या मधल्या पायरीवर, आणि मुलाची आई खाली खिडकीशी.

"आलं का?" आबा वरून विचारत.

"नाही. मुंग्याच दिसतायत," खालून आई.

"मुंग्या आहेत म्हणते," जिन्यातून मुलगा.

"आता?"

"माणसं आली. पण एकेकाला दोन दोन डोकी आहेत."

"दोन डोकी आहेत म्हणते."

"अरे, मग घरात आणखी दोघं जास्त जेवायला आली समज," असं म्हणून आबा मला आणखी थोडी वळवत. चित्र स्वच्छ झालं की खालून "आलं" अशी हाक येई, आणि आबा तार आवळत. जोराचा वारा आला, एखादा लठ्ठ कावळा माझ्या टोकावर बसला, की मी जराशी सरके. लगेच खालून, "गेलं." आणि जिन्यावर आबांची पावलं. मला त्या दिवसांत कधी विचारावं लागलं नाही की मी कुणाची कोण. ज्याच्यासाठी कुणी रोज जिना चढतं, त्याला ते ठाऊक असतं.

आईंचा एक नेम होता. पहाटे केंद्रावरून प्रार्थना लागे, प्रार्थनेनंतर घंटा. ती घंटा होईपर्यंत त्या पाण्याचा घोटही घेत नसत. लग्न होऊन आल्या त्या पहिल्या सकाळी सासूबाईंच्या शेजारी बसून रेडिओवर ही प्रार्थना ऐकली, तेव्हापासूनचा नेम. पुढे रेडिओच्या जागी टीव्ही आला, सासूबाई गेल्या, नेम राहिला. त्या मोठ्यानं काही मागत नसत. हात जोडून बसत, घंटा झाली की तांब्यातलं पाणी पीत आणि कामाला लागत. ती प्रार्थना माझ्या काड्यांवरून खाली जात असे. मी तिला कधी एक अक्षर कमी पडू दिलं नाही. हा माझा नेम.

मग आबा गेले. त्याच्या थोडे दिवस आधी मोठं वादळ झालं होतं आणि त्यांनी मला नव्यानं, अगदी घट्ट बांधलं होतं, तोंड दूध डेअरीच्या बाजूला, कारण केंद्राचा मनोरा तिकडे होता. ती त्यांनी बांधलेली शेवटची गाठ. आईंनी घरात सांगितलं, "अँटेनाला कुणी हात लावायचा नाही. ह्यांनी बांधलीय." त्या माझा पाईप आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसू लागल्या. काड्याही, हात पोचेल तिथपर्यंत. मी लखलखत असे. सुरुवातीला मला फार बरं वाटलं, कबूल करते. कुणाला नाही आवडत मान?

पण मित्रांनो, मान आणि उपयोग यांची ताटातूट झाली की मान काय कामाचा?

काही वर्षांनी प्रसारण डिजिटल झालं. डेअरीकडचा मनोरा बंद पडला. नवा उभा राहिला तो खाणीच्या टेकडीवर, माझ्या बरोबर पाठीमागे. एके सकाळी खाली टीव्हीवरची माणसं गेली. दोन डोकी नाहीत, आवाज नाही, नुसत्या मुंग्या. मला मात्र पाठीत काहीतरी लागत होतं. लाटा येत होत्या, पूर्वीपेक्षा दाट. हवा भरलेली होती, आणि मी तिच्याकडे पाठ करून उभी होते. मला मान असती तर मी वळवली असती. पण अँटेनाला मान नसते, तिला कुणीतरी वळवावं लागतं.

आता मुलगा मोठा झाला होता. गल्ली त्याला दादा म्हणे. त्यानं नवा पातळ टीव्ही आणला आणि पाठोपाठ वायरवाला आला. घरोघर जोडण्या देणारा, गोड बोलणारा, खिशाला चार पेनं लावलेला.

आईंनी विचारलं, "आमची अँटेना आहे ना वर. तिनं नाही का दिसणार?"

"मावशी, अँटेनाचा जमाना गेला. आता हवेत काही येतच नाही."

"नीट बघा तरी."

त्यानं माझी वायर नव्या टीव्हीत खुपसली, चॅनेल शोधायला लावलं आणि पडद्याकडे हात केला. "बघा. शून्य. मेलीय ती. डोळ्यांनी बघितलंत, आता तरी विश्वास ठेवा."

मग तो गच्चीवर आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, डेअरीकडे पाहिलं, आणि वळून खाणीच्या टेकडीवरच्या नव्या मनोऱ्याकडे पाहिलं. त्याला कळलं. मी त्याच्या चेहऱ्यावर कळलेलं पाहिलं. तरी तो खाली जाऊन एक शब्द बोलला नाही. उलट त्यानं आपली काळी जाड वायर आणली आणि कुठे टांगावी म्हणून इकडेतिकडे बघत शेवटी माझ्याच पाईपाला गुंडाळली. मेलेली म्हणायचं आणि खांदा मात्र माझा वापरायचा. खाली टीव्हीशेजारी आपला केबलचा डबा बसवला आणि माझी वायर टीव्हीतून उपटून, गुंडाळी करून खिळ्याला अडकवली. आणि आईंना बजावलं, "पाईप काढू नका हं मावशी, आमची लाईन आहे त्यावर."

त्याच्या डब्यातून जे आलं ते आईंनी आणि मी, दोघींनी सोसलं. पहाटे त्या पडद्यासमोर हात जोडून बसत, आणि प्रार्थनेच्या आधी साबण येई. मग केसांचं तेल. मग एक माणूस ओरडून गाद्या विकी. प्रार्थना निम्मी झालेली असताना कधीतरी उगवे. जे केंद्र सगळ्यांना फुकट वाटतं, तेच पुडीत बांधून, वर गाद्यांची माती घालून, दरमहा पैसे घेऊन विकायचं, आणि ज्या म्हातारीचा उभ्या जन्मात एक नेम, तिला देवाआधी साबणासमोर हात जोडायला लावायचे. याला धंदा म्हणतात म्हणे. मी याला दुसरं नाव देते, पण मुलांसमोर ते उच्चारत नाही.

आई काही बोलत नसत. सूनबाई मात्र बोले. ती पावाच्या भट्टीत पहाटपाळीला हिशेबाच्या खिडकीवर काम करी. चपळ, हसरी आणि जिभेला थोडी तिखट. "आई, तुमच्या देवाला म्हणावं, गादी घेऊन टाक एकदाची, म्हणजे तो माणूस तरी गप्प बसेल."

आई हसत. पण पाण्याचा तांब्या तसाच राही, घंटा होईपर्यंत.

आणि मग ती सकाळ आली. दादा कामासाठी परगावी, सूनबाई भट्टीवर. आईंनी डबा लावला तर पडद्यावर निळी पाटी, तुमचा पॅक संपला आहे, कृपया रिचार्ज करा. आईंना वाटलं, थोड्या वेळानं जाईल. त्यांनी वायरवाल्याला फोन केला.

"मावशी, रिचार्ज मारा, लगेच चालू होईल."

"मला नाही रे येत ते. प्रार्थना तेवढी लाव. बाकी काही नको."

"सिस्टीममध्ये तसं होत नाही मावशी."

फोन बंद. घंटा नाही, म्हणून पाणी नाही. बाहेर ऊन चढत गेलं, माझ्या काड्या तापल्या. खाली आई त्या निळ्या पाटीसमोर बसून राहिल्या. त्याच वेळी, मित्रांनो, त्यांच्या डोक्यावर, त्यांच्याच छपरावर ती प्रार्थना माझ्या पाठीवर आदळून वाया गेली होती. फुकट. पूर्ण. साबणाशिवाय. मी लोखंडाला धरलेली, तारेनं करकचून बांधलेली. त्या दिवसाइतका संताप मला वादळात तुटतानाही आला नसता.

दुपारी सूनबाई घरी आली तेव्हा आई भिंतीला टेकून कलंडल्या होत्या. तांब्या भरलेला, शेजारीच.

डॉक्टर येऊन गेले. दादा रात्रीचा प्रवास करून सकाळी घरी पोचला आणि आल्या आल्या आईवर चिडला, कारण तो घाबरला होता. "आई, घोटभर पाण्यासाठी देव रागावतो का? काय तपासायला येतो तो?"

"देव नाही रे तपासत," आई म्हणाल्या. "मीच तपासते."

"मग आता नको तपासूस. आणि मी गच्चीही साफ करून घेतो. उद्या भंगारवाल्याला बोलावलंय. ती अँटेना आणि जुनं लोखंड, सगळं जाऊ दे."

आई हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांना धावपळ. मी नेम सोडते. अँटेनाही ने. ह्यांनी बांधलेली म्हणून ठेवली होती, पण आता काय."

दोन्ही एका वाक्यात. वायरीतून ते माझ्यापर्यंत आलं. मला भंगाराचं दुःख नव्हतं. पण आईंच्या तोंडून नेम सुटताना मी ऐकलं, आणि तो माझ्या पाठीमागे चाललेल्या खोट्यामुळे सुटत होता.

त्या दिवशी सूनबाई कपडे वाळत घालायला वर आली. समोरच्या गच्चीवर टेलरमावशी उभी होती. तोंडात दोन टाचण्या, गळ्यात टेप. गल्लीतले निम्मे कपडे तिनं शिवलेले आणि निम्म्या घरांची मापं तिला पाठ.

"सासू कशी आहे गं?"

"बरी आहे. पण नेम सोडते म्हणतेय. टीव्हीच्या डब्यापायी."

"डबा कशाला हवा? माझ्याकडे डबा नाही. पहाटे मशीन सुरू करायच्या आधी मीपण तीच प्रार्थना लावते. त्या काडीवर येते." तिच्या गच्चीवर एक इवलीशी अँटेना होती, माझ्या पुतणीच्या वयाची. "एक पैसा भरत नाही मी कुणाला."

"आमच्याकडे नाही येत. वायरवाल्यानं लावून दाखवलं, शून्य आलं."

टेलरमावशीनं टाचण्या काढून हातात घेतल्या. "तुमची डेअरीकडे तोंड करून उभी आहे गं. डेअरीत काय आता, म्हशीसुद्धा नाहीत. मनोरा तिकडे आहे, टेकडीवर. पाठ करून बसलेल्या माणसाला हाक ऐकू येते का?"

सूनबाईनं हातातला ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकला आणि जिना उतरली.

"आई, अँटेना वळवायची आहे."

"हात लावायचा नाही तिला."

"अहो, उद्या भंगारात देताय, मग आज वळवली तर काय बिघडलं?"

"भंगारात गेली तर गेली. पण ह्यांची गाठ मी सोडायची नाही. जशी आहे तशी जाऊ दे."

दादाही आईच्या बाजूनं. "राहू दे ना. आबांची आठवण आहे ती."

सूनबाई आईंच्या पायाशी बसली. तिचा तिखटपणा कुठे गेला होता कोण जाणे. "आई, आबा गच्चीवर असायचे तेव्हा तुम्ही कुठे असायचात?"

"ह्या खिडकीत."

"काय म्हणायचात?"

"काय म्हणणार? आलं की आलं म्हणायचं, गेलं की गेलं."

"आणि गेलं म्हटलं की आबा काय करायचे?"

"वर जाऊन वळवायचे. जेवताना ताट सोडून जायचे गं."

"मग चित्र जाऊन इतकी वर्षं झाली," सूनबाई म्हणाली, "आणि तुम्ही अजून वर सांगितलंच नाहीत."

मग मला जिन्यावर पावलं ऐकू आली. आबांची नव्हती. हळू, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत येणारी. आई वर आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि या खेपेला त्यांच्या हातात फडकं नव्हतं.

त्यांनी आधी वायरवाल्याची काळी गुंडाळी माझ्या पाईपावरून सोडवून बाजूला टाकली. मग आबांच्या तारेची गाठ चाचपली. गंजलेली, घट्ट. मला वाटलं, सुटणार नाही, आता पक्कड आणतील, तोडतील. पण आईंचं बोट तारेवरून फिरत फिरत एका दुमडलेल्या टोकाशी थांबलं. त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "खोक्याची गाठ आहे. हे नेहमी म्हणायचे, माल बांधतो तो उघडण्यासाठीच. एक टोक दुमडून ठेवायचं, उघडणाऱ्याला ओढायला."

त्यांनी ते टोक ओढलं. गाठ कुरकुरली आणि सुटली.

म्हणजे ज्या गाठीला घरानं हात लावला नाही, ती गाठ आबांनी सोडता यावी अशीच बांधली होती. मला रडू आलं असतं, पण त्या कारखान्यातल्या बाईनं माझ्या काड्यांना बुचं लावलेली.

आईंनी पाईप दोन्ही हातांनी धरला आणि मला वळवलं. डेअरी गेली, पाण्याच्या टाक्या गेल्या, टेलरमावशीची गच्ची गेली. समोर टेकडी आली. आणि लाटा माझ्या छातीवर आल्या, मित्रांनो, इतक्या वर्षांनी समोरून.

खाली सूनबाईनं माझी वायर खिळ्यावरून काढून टीव्हीत घातली आणि चॅनेल शोधायला लावलं. आई वरून वाकल्या.

"आलं का?"

"शोधतंय," खालून सूनबाई.

आणि जिन्याच्या मधल्या पायरीवरून एका मोठ्या माणसाचा आवाज आला, "शोधतंय म्हणते." दादा तिथे कधी जाऊन उभा राहिला, त्याला कुणी सांगितलं, मला माहीत नाही.

"आता?"

"नाही. चौकटी चौकटी दिसतायत, तोंडाचे तुकडे झालेत."

"तुकडे झालेत म्हणते."

आईंनी मला केसभर सरकवलं.

"आलं," सूनबाई म्हणाली. "आई, आलं. इतकं स्वच्छ आहे की निवेदिकेच्या कानातलं दिसतंय."

"आलं म्हणते," दादा म्हणाला. मग पायरीवरच खाली बसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रार्थना लागली, पहिल्या अक्षरापासून. घंटा झाली. तांब्या उचलल्याचा आवाज मी ऐकला. भंगारवाला आला तो जुनं लोखंड आणि काळ्या वायरीची गुंडाळी घेऊन गेला. वायरवाला संध्याकाळी आला, आपली लाईन शोधत.

"मावशी, कनेक्शन काढलंत?"

"हो. अँटेनावरच दिसतंय आता. डबा तिथे ठेवलाय, घेऊन जा."

"अँटेनावर दिसतंय म्हणता? डिजिटल अँटेना बसवलीत का नवी?"

"नाही रे बाबा," आई नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या. "जुनीच आहे. तू वर गेला होतास ना? तेव्हा तू टेकडीकडे बघितलं नव्हतंस का?"

तो डबा घेऊन गेला. माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

तर मित्रांनो, तुमच्याही गच्चीवर माझी एखादी बहीण उभी असेल. तिला कुणी मेलेली म्हटलं, तर आधी ती कुठे बघते आहे ते बघा. डिजिटल अँटेना नावाची वेगळी जात नसते. काड्या त्याच, हवा तीच. लाटा पकडायला ती पुरते, त्यांचं चित्र करायचं काम टीव्हीचं. जे सगळ्यांसाठी मोकळं सोडलंय, ते तुम्हाला बांधून विकायला कुणी आलं, तर एकदा वर जाऊन पाहण्याचे कष्ट घ्या. आणि जुन्या वस्तूला जपायचं म्हणजे फडक्यानं पुसून उलट्या दिशेला उभं ठेवायचं नाही. तिला तिचं काम करू द्या. लागेल तेव्हा गाठ सोडा, लागेल तेव्हा पुन्हा बांधा.

माझी नवी गाठ आईंनी मारली आहे, एक टोक दुमडून. काल दुपारी जोराचा वारा होता आणि एक कावळा माझ्या शेपटाकडे येऊन बसला. मी थोडी हलले. लगेच खिडकीतून सूनबाईची हाक आली, "गेलं."

आणि जिन्यावर पावलं वाजली.